पूल सुरक्षित आहे

टेबलाखाली आप्पा आहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, आणि आप्पांनीही ते कुणाला सांगितलं नाही.

जेवणाचं टेबल ओढून मोठं करायचं होतं. त्याची मधली फळी आप्पांच्या थोरल्या मुलाच्या दवाखान्याच्या उद्घाटनानंतर कुणी बसवलीच नव्हती आणि तिच्या खालचे स्क्रू तेव्हापासून रुसून बसले होते. आप्पांची बायको माई म्हणाली, सुतार बोलवा. सुतार बोलवणं म्हणजे आप्पांच्या मते शरणागती. तेव्हा शहात्तराव्या वर्षी, तोंडात तीन स्क्रू धरून, ते टेबलाखाली उताणे पडले होते. एवढ्यात सूनबाई आली, टेबल तयार दिसलं म्हणून खूश झाली आणि तिनं वरून पांढराशुभ्र टेबलक्लॉथ अंथरला. तो चारी बाजूंनी जमिनीला टेकला आणि आप्पा आत राहिले. ओरडावं तर तोंडात स्क्रू.

पाठोपाठ चिमणी आली आणि खुर्चीत धपकन बसली. जन्मली तेव्हा दोन किलोची होती म्हणून ती चिमणी. आज ती पाच फूट अकरा इंच होती आणि तिची पावलं टेबलाखाली थेट आप्पांच्या कानाशी येऊन थांबली.

"आई, मी सोमवारी जात नाहीये."

"कुठे?"

"नेमणुकीवर. राजीनामा लिहून ठेवलाय. आज पाहुणे गेले की बाबांना सांगते आणि उद्या पाठवते."

सूनबाईनं दोन वर्षं या एका वाक्याची वाट पाहिली होती. बालवाडीत दिवसभर तीस पोरं सांभाळणारी बाई ती, पण स्वतःची एकुलती एक पोर लष्करात गेल्यापासून तिची झोप उडाली होती. आता तिला वाटत होतं की उठावं आणि पोरीचा मुका घ्यावा. पण तसं केलं तर पोरीला संशय येईल म्हणून तिनं काटेचमचे मोजायला घेतले. चौदा झाले, पंधरा झाले, माणसं मुळात आठ होती.

"मी ऐकलं हं!" दारातून आवाज आला. आत्या. थोरल्याची धाकटी बहीण, वकील. उलटतपासणी घ्यायला तिला कोर्टाची गरज लागत नसे. चिमणीच्या मुलाखतीची सगळी तयारी तिनंच करून घेतली होती. "काय म्हणालीस ते परत म्हण. वहिनी, तुम्ही मधे बोलू नका."

"मी कुठे बोलतेय, वन्सं? मी चमचे मोजतेय."

"तुमचा चेहरा बोलतोय. चिमणे, कारण सांग."

कारण सांगायला चिमणीला थोडा वेळ लागला. प्रशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेत तिला तीस जणांची तुकडी आणि एक नकाशा दिला होता. बारा किलोमीटर चालायचं, शत्रूचा तळ शोधायचा, पहाटे वेढा घालायचा. ती चालली, तिनं तळ शोधला, वेढाही घातला. तीस जणांना चार तास चिखलात पालथं पाडून ठेवलं. उजाडल्यावर कर्णा तोंडाला लावून तिनं आतल्यांना हुकूम सोडला, की हात वर करून एकेक बाहेर या. दार उघडलं आणि लुंगीतला एक माणूस दाण्याची बादली घेऊन बाहेर आला. त्याच्या मागून अकराशे कोंबड्या आल्या.

टेबलाच्या वर कुणी हसलं नाही. आत्यानं ओठ दाबून धरले, सूनबाईनं चमचे. खाली आप्पांची अवस्था फार वाईट होती.

"तळ विरुद्ध दिशेला होता. नऊ किलोमीटर. तरी पास केलं मला. शेरा काय दिला माहितीये? निर्धार उत्तम, दिशा स्वतंत्र. सगळे आता मला अंडी म्हणतात."

"एवढंच ना? म्हणू दे," आत्या म्हणाली. "मला कॉलेजात तोफखाना म्हणायचे."

"एवढंच नाही, आत्या. सोमवारी मला खरी माणसं मिळणार. खरी तीस माणसं, मी नेईन तिकडे येणारी. आणि ह्या घरात..." तिची टाच आप्पांच्या कानाशी आपटली. "ह्या घरात आप्पा आहेत. तीन माणसं घेऊन पहिल्याच नेमणुकीत त्यांनी सात महिने पूल राखला. खुद्द साहेब तपासणीला आले तरी ते दिसले नाहीत त्यांना! समोरच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रक आहे, मी लहानपणापासून पाठ केलंय. कुठल्या तोंडानं त्यांच्यासमोर गणवेश घालू? आपल्यात असं कुणी चुकत नाही."

टेबलाखाली आप्पांच्या तोंडातले दोन स्क्रू तसेच राहिले. तिसऱ्याचं काय झालं ते त्यांनी त्या वेळी तपासलं नाही.

*

बारा वाजता टॅक्सीतून पैलवान आणि बिनतारी उतरले तेव्हा आप्पा फाटकातच उभे होते, पाठीला टेबलाखालची धूळ तशीच.

पैलवान म्हणजे काडी. पुलाच्या चौकीवरचा स्वयंपाकी; सात महिने त्याच्या हातचं खाऊन बाकीचे तिघं रोडावले आणि तो जसा होता तसाच राहिला. बिनतारी हा वायरलेसवाला. त्याला आता कमी ऐकू येई, पण वाक्य संपलं की 'ओव्हर' म्हणायची सवय मात्र शाबूत होती. चौथा मामा. मामा गेल्या वर्षी गेला. त्याला पोचवून आल्यावर तिघांनी फोनवर ठरवलं होतं की आता एकदा भेटायचंच, नाहीतर पुढच्या वेळी कोण उरेल सांगता येत नाही.

"नाईक!" पैलवानानं मिठी मारली. आप्पा पुढे सुभेदार होऊन निवृत्त झाले होते, पण या दोघांच्या लेखी ते कायमचे नाईक.

"आत जायच्या आधी एक काम आहे," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "मला शपथेतून मोकळं करा."

"कुठली शपथ?"

"आपण किती शपथा घेतल्या होत्या, पैलवान?"

पैलवानाचा चेहरा उतरला. त्यानं आधी फाटकाकडे पाहिलं, मग टॅक्सीकडे. टॅक्सी गेली होती.

"नातीसाठी हवंय," आप्पा म्हणाले, आणि टेबलाखाली ऐकलेलं सगळं त्यांनी सांगून टाकलं. "खरं काय झालं ते आज जेवताना सांगतो. तुम्ही फक्त मान डोलवा."

"नाईक, मी चौदा शाळांतून भाषण दिलंय त्या पुलावर," पैलवान कळवळून म्हणाला. "मागच्या महिन्यात चौदाव्या शाळेनं शाल दिली, पंधराव्या शाळेचं बोलावणं आलंय. मी काय शाल परत करू? आणि माझी मुलगी? तिला तर मी पुलाखालच्या पाणबुड्याचंही सांगितलंय."

"पाणबुड्या कुठून आला?"

"आठव्या शाळेपासून."

"शपथ म्हणजे शपथ," बिनतारी म्हणाला. "मामानं शेवटपर्यंत पाळली. शुद्ध हरपली होती त्याची, डॉक्टरनं विचारलं काही सांगायचंय का, तर काय म्हणाला? पूल सुरक्षित आहे. ओव्हर."

तेवढ्यात माई दारात आली, म्हणाली, "पैलवानभाऊजी, अजून तसेच का हो? काही खाता की नाही?" आणि सगळे आत गेले.

*

जेवायला कोंबडी होती. त्याला आता इलाज नव्हता. सूनबाईनं मेनू चार दिवसांपूर्वी ठरवला होता.

थोरल्याच्या एवढं ध्यानात आलं की आज घरात काहीतरी शिजतंय आणि ते स्वयंपाकघरात नाही. तो दातांचा डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडलं की त्याला शब्दांच्या आधी दाढा दिसत. आज बायको दाढांपर्यंत हसत होती, बहीण दात खात होती, मुलगी तोंडच उघडत नव्हती, आणि वडील चावायचं सोडून त्या प्रशस्तिपत्रकाकडे बघत होते. थोरल्यानं स्वतःच्या ताटात बटाटे वाढून घेतले आणि कुणाची बाजू घ्यायची ते कळेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं. लग्नाची सत्तावीस वर्षं त्यानं अशीच काढली होती.

"वाचू का?" पैलवान म्हणाला. कवळी नवी असल्यामुळे त्याचं कोंबडीशी जमत नव्हतं, तेव्हा तो बोलण्यावर उतरला होता. मान वळवून त्यानं भिंतीवरचं पत्रक खणखणीत आवाजात वाचलं. "'सदर चौकीची तपासणी केली असता, पुलाच्या दोन्ही बाजूंस पाऊण तास शोध घेऊनही एकही जवान, तंबू अथवा पाऊलखूण आढळली नाही. दडण्याच्या कौशल्याचा असा नमुना माझ्या सेवेत प्रथमच पाहिला, किंबहुना पाहिला नाही. नाईक व त्याच्या तीन जवानांची प्रशंसा करावी तेवढी थोडी.' आहाहा! पोरी, तुझ्या आजोबांच्या हाताखाली आम्ही झाडं झालो होतो, झाडं!"

चिमणीनं मान खाली घातली. ती इतकी खाली गेली की तिचे केस रश्शात बुडणार असं वाटून सूनबाईनं ताट सरकवलं.

"बास," आप्पा म्हणाले. "आम्ही तिथं नव्हतोच."

"तेच तर! असून नसल्यासारखे!"

"नसून नसल्यासारखे. साहेब खऱ्या पुलावर आले होते. आम्ही चुकीच्या पुलावर होतो. सात महिने."

टेबलाभोवती अशी शांतता पसरली की बिनतारीलासुद्धा ती ऐकू आली.

आप्पा उभे राहिले. बावन्न वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट, ती काही बसून सांगता येत नव्हती. "पहिलीच नेमणूक माझी. आदल्या दिवशी सगळे कपडे इस्त्री केले. मग म्हटलं, नकाशा का चुरगळलेला राहावा? तोही केला. पण खिशात मावेना. मग त्याला मधोमध एक चुणी घातली. बारीक. शर्टाच्या बाहीला घालतात तशी. आणि वरून इस्त्री फिरवली." त्यांनी टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी चिमटीत धरला आणि मधोमध त्याची घडी वर ओढली. टेबलाच्या दोन्ही बाजू एकमेकींकडे निघाल्या. पाण्याचा जग सूनबाईनं झेलला, पैलवानाची कोंबडी थोरल्याच्या ताटात गेली. "ही बघा. या घडीत सहा किलोमीटर गेले. मोठी नदी गेली, मोठा पूल गेला, अख्खं गाव गेलं. ट्रकनं फाट्यावर सोडलं, धुकं होतं, मी नकाशा काढला. फाट्याला लागून ओढा, ओढ्यावर पूल. म्हटलं, झालं! किती सोपी नेमणूक!"

"आणि मग?" थोरल्यानं विचारलं.

"मग राखला. दोन ओंडके आणि अकरा फळ्या. रोज संध्याकाळी सहाला बिनतारी कळवायचा, पूल सुरक्षित आहे. होताच. सातव्या महिन्यात बदलीची तुकडी आली. वायरलेसवर विचारते, आम्ही पुलावर पोचलो, तुम्ही कुठे आहात? मी बाहेर येऊन बघतो तर पुलावर कुणी नाही! घडी तेव्हा उलगडली. सहा किलोमीटर ओढ्यातून पळालो चौघं. आणि झुडपातून चिखलानं माखलेले बाहेर येऊन मी म्हटलं, इथेच तर आहोत. ते लोक टाळ्या वाजवायला लागले." आप्पांनी पैलवानाकडे बघितलं. "खरं की नाही? सांग."

पैलवानानं थोरल्याच्या ताटातली आपली कोंबडी परत घेतली. कपाळाला घाम आला होता. "नाईकांचं वय झालं," तो म्हणाला. "मला तर मोठाच पूल आठवतो. लोखंडी. सात कमानी."

"बिनतारी!"

"सात कमानी," बिनतारी छताकडे बघत म्हणाला. "ओव्हर."

"अरे लोकहो, कमानीत तुमचा लंगोट वाळत घातला होता का? दोन ओंडके होते!"

आत्यानं काटा खाली ठेवला. तिच्यातला वकील जागा झाला होता. "एक मिनिट. पैलवानकाका, कमानी किती म्हणालात?"

"सात."

"तीन वर्षांपूर्वी चिमणीच्या कॉलेजात भाषणात पाच सांगितल्या होत्या."

"दोन पुरात वाहून गेल्या होत्या, त्या मी धरल्या नव्हत्या."

"म्हणजे पूल पडला होता? मग राखलात काय?"

पैलवानानं पाणी मागितलं. आत्या त्याला सोडणार नव्हती, पण तेवढ्यात चिमणी बोलली आणि ती आप्पांशी बोलली.

"आप्पा, तुम्ही टेबलाखाली होतात ना सकाळी? तुमच्या पाठीला धूळ आहे." तिचे डोळे भरून आले होते. "माझं ऐकलंत, आणि मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय. नकाशाला इस्त्री! असं कुणी करतं का? कुणाचा विश्वास बसेल? तुमचं एवढं मोठं काम, बावन्न वर्षांचा मान, तो माझ्या कोंबड्यांसाठी नका ना घालवू. मला आणखी लाज वाटते."

आप्पांनी आ वासला. आयुष्यभर खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली, आणि आज पहिल्यांदा खरं सांगितलं तर नात डोळे पुसत होती. त्यांनी पैलवानाकडे पाहिलं, त्यानं कवळी काढून रुमालात ठेवली होती, म्हणजे आता तो बोलूच शकत नव्हता. बिनतारीनं कानातलं यंत्र बंद केलं होतं. आप्पा मटकन खुर्चीत बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं की हे दोघं इतके इमानी निघाले नसते तर बरं झालं असतं.

"कोंबड्या?" थोरल्यानं विचारलं. "कसल्या कोंबड्या? आणि लाज कसली?"

"ती सोमवारी जात नाहीये," सूनबाई म्हणाली. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण आता आनंद आवरेना. "राजीनामा देतेय. झालं ते झालं, तिच्या मनाविरुद्ध कुणी बोलायचं नाही."

"दादा, तू काहीतरी बोल," आत्या कडाडली.

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि बटाटा तोंडात टाकला.

इतका वेळ माई वाढत होती. ती नेहमीच वाढत असे. त्यामुळे घरातली निम्मी भांडणं तिच्या पाठीमागे सुरू होत आणि निम्मी तिनं वाढलेल्या ताटावर मिटत, आणि तिला कुणी काही विचारत नसे. तिनं आता बटाट्यांचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि आप्पांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून बसली.

"तेरा," ती म्हणाली.

"काय तेरा?"

"फळ्या. हे अकरा म्हणाले. तेरा होत्या. दोन माझ्या बाबांनी नंतर ठोकल्या, गाईचा पाय अडकायचा म्हणून."

आत्यानं हळूच विचारलं, "माई, पूल तुझ्या बाबांचा होता?"

"मग कुणाचा? अलीकडे घर, पलीकडे गोठा. मधे ओढा. दुधाचे डबे आणायला बाबांनी बांधला होता. लष्करानं राखावं असं त्याच्यात काही नव्हतं. एक दिवस सकाळी मी सायकलवर डबे लावून निघाले तर पुलाच्या तोंडाशी हे उभे. बंदूक घेऊन. कपड्यांना अशी इस्त्री की बसले तर मोडतील. म्हणाले, थांबा, नाव सांगा, उद्देश सांगा."

"मग तू काय सांगितलंस?" चिमणीनं विचारलं. तिचं रडं मधेच थांबलं होतं.

"उद्देश दूध, म्हटलं. यांनी वहीत लिहून घेतलं. एक नागरिक, एक सायकल, दोन डबे. परत येताना पुन्हा थांबवलं. पुन्हा नाव. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अगं, त्या पुलावरून माझ्याशिवाय दुसरं कुणी जातच नव्हतं! सात महिने दिवसातून दोनदा हे मला नाव विचारत होते."

"नियम होता," आप्पा पुटपुटले.

"होता हो नियम. मीही सांगत होते की नाही?"

पैलवानानं कवळी परत बसवली. आता लपवण्यासारखं उरलं नव्हतं, आणि सात महिन्यांच्या दुधाची आठवण आली तसा त्याचा चेहराच बदलला. "वहिनी, ती साय! अशी बोटभर साय यायची! नाईक, आठवतं का, मामा साय चोरायचा आणि मिशीला लावून झोपायचा?" आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "गेली पंधरावी शाळा," तो म्हणाला.

"शाल ठेवून घे," बिनतारी म्हणाला. यंत्र केव्हा चालू केलं ते त्यालाच माहीत. "पाणबुड्याबद्दल दिलीय ती."

थोरला पहिल्यांदा मोठ्यानं हसला. आत्याही हसायला लागली होती, पण वकिलाला एक गोष्ट टोचत होतीच. "माई, थांब. मोठा पूल तुला माहीत होता?"

"न माहीत असायला काय झालं? रोज तिकडेच जात होते बाजाराला."

"म्हणजे हे चुकीच्या पुलावर आहेत ते तुला कळलं कधी?"

माईनं टेबलक्लॉथवरची घडी हातानं सपाट केली. "दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

आप्पा खुर्चीत सरळ झाले. "काय?"

"बाबा म्हणाले, अगं, ती पोरं चुकून आलीत, जाऊन सांग. म्हटलं, सांगते. रोज घरातून सांगायचंच ठरवून निघायचे." एकाहत्तर वर्षांच्या माईचे कान लाल झाले. "पण सांगितलं असतं तर हे गेले असते ना दुसऱ्या पुलावर."

आप्पा उभे राहिले. बोट माईकडे रोखलेलं. "दोनशे बारा दिवस! दोनशे बारा दिवस तू मला... अगं, हा लष्करी गुन्हा आहे! मी उघड्यावर उभा राहिलो! ताप आला तरी राखला मी तो पूल!"

"माहितीये. काढा आणून देत होते की."

"बावन्न वर्षं मी तुझ्यापासून लपवलं! झोपेत बोललो तर काय, या भीतीनं मी कुशीवर झोपतो!"

"बोलता ना. रोज बोलता. झोपा आता उताणे."

पैलवान हसता हसता टेबलावर पडला. त्याच्या पाठीवर थापा मारता मारता बिनतारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते हसण्याचं होतं की मामाचं, हे सांगता आलं नसतं. थोरल्याला एकदम काहीतरी उमगलं आणि तो म्हणाला, "म्हणजे आप्पांनी नकाशाला इस्त्री केली नसती तर मी नसतो." यावर आत्या म्हणाली, "मीही नसते, आणि बिचारी वहिनी तुझ्याऐवजी कुणा बोलणाऱ्या माणसाच्या घरी पडली असती." त्यावर सूनबाईसुद्धा हसली.

चिमणी हसत नव्हती. ती आप्पांकडे बघत होती. लहानपणापासून ज्यांच्याकडे मान वर करून बघितलं ते आप्पा आता चष्मा नाकाच्या टोकाशी आलेला, पाठीवर धूळ, बोट अजून हवेत, असे उभे होते. तिनं विचारलं, "आप्पा, त्या दिवशी कळल्यावर तुम्ही काय केलंत? सोडावंसं नाही वाटलं?"

आप्पांनी बोट खाली घेतलं. "वाटलं ना. ओढ्यात पळताना सहा किलोमीटर तेच वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होती. मी नाही गेलो तर या तिघांना कोण सांभाळणार, म्हणून गेलो." त्यांनी चष्मा वर सारला. "पुढे अठ्ठावीस वर्षांत कुठेही पाठवलं तरी एक करायचो. पोचलो की जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारायचं, बाबा रे, हे कुठलं गाव? जवान हसायचे. हसू दे. ज्याला नकाशा वाचता येतो त्याला येऊ दे. मला विचारता येतं."

"तिथल्या एखाद्या मुलीनं खोटं सांगितलं तर?" चिमणी म्हणाली.

"ती खोटं बोलली नव्हती," आप्पा दुखावून म्हणाले. "मी विचारलंच नव्हतं. मी नुसतं नाव विचारत बसलो."

आणि चिमणी हसली. तिला आधी उचकी लागली, मग हसू फुटलं, मग ते आवरेना. पाच फूट अकरा इंच खुर्चीत मावेनात. एका हातानं तिनं माईला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती. कोंबड्यांच्या मालकाचा चेहरा कसा झाला होता ते ती पैलवानाला सांगायला लागली, आणि पैलवान मधे मधे विचारत होता की अकराशे जणी एका रांगेत आल्या की दोन.

सूनबाई पाण्याचा जग हातात घेऊन उभी होती. मघापासून ती सगळ्यांबरोबर हसत होती आणि हसता हसता तिचा हात थांबला. पोरगी अशी हसताना तिनं दोन महिन्यांत पाहिली नव्हती. कुणी काही बोललं नव्हतं, राजीनाम्याचं नावही पुन्हा कुणी काढलं नव्हतं, आत्याच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. पण आईला कळलं. सकाळी हाती आलेली पोर दुपारी गेली होती. त्या इस्त्रीचा, त्या ओढ्याचा, तेराच्या तेरा फळ्यांचा तिला मनापासून राग आला. मग पोरगी पुन्हा खदखदून हसली आणि तो राग काही टिकेना.

तिनं सगळ्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. शेवटी चिमणीच्या पेल्याशी आली.

"सोमवारी किती वाजता निघायचंय?"

चिमणीनं आईकडे पाहिलं.

"सहाला," ती म्हणाली.

"मग पाचला उठ. डबा करून देते." सूनबाईनं पेला तिच्यासमोर ठेवला. "आणि वाटेत विचारत विचारत जा."